चार नावा दूरच्या, चार जवळच्या

वैशालीजवळच्या वाणिज्यग्रामात आनंद नावाचा एक धनाढ्य गृहस्थ राहत होता. श्वेतांबर जैनांच्या आगमांपैकी ‘उपासकदशा’ या ग्रंथात त्याची गोष्ट आहे. महावीरांचा उपदेश ऐकून तो श्रावक झाला, पण घरदार सोडून मुनी झाला नाही. त्याऐवजी त्याने एक यादी केली. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरच्या सरंजामात. दहा-दहा हजार गुरांचे चार कळप. पाचशे नांगर. प्रवासाच्या पाचशे गाड्या, माल वाहायच्या पाचशे. यापलीकडे काही नको. पुढे ही यादी अंग पुसायच्या वस्त्रापर्यंत, दातवणाच्या काडीपर्यंत, तुपाच्या प्रकारापर्यंत खाली येते. गाड्यांच्या पाठोपाठ त्यात नावा येतात: दूरदेशी जाणाऱ्या चार, जवळपास ने-आण करणाऱ्या चार. याखेरीज एकही नाव नको.

जवळची नाव वेगळी मोजावी लागते, हे त्या माणसाला ठाऊक होतं. शिडाच्या बोटीवर संसार थाटून समुद्र फिरणाऱ्यांना ते पहिल्याच मुक्कामाला कळतं. चाळीस फुटी यॉट अटलांटिक ओलांडून येते आणि किनाऱ्यापासून दोन-चारशे मीटरवर अडते, कारण तिचा तळ पाण्यात दोन मीटर खोल गेलेला असतो. तिथे नांगर पडतो आणि डेकवर पालथी बांधलेली, हवा भरलेली रबरी होडी पाण्यात उतरते. हिला डिंगी म्हणतात. यॉट हे घर धरलं तर डिंगी ही त्या घराची स्कूटर. पाव, भाजी, पिण्याचं पाणी, डिझेल, धुण्याची बोचकी, कचरा, तापाने फणफणलेलं पोर, सगळं हिच्यातूनच जातं-येतं.

आता या स्कूटरला इंजिन केवढं लावायचं? दर्यावर्दी मंडळी या प्रश्नावर हमरीतुमरीवर येतात. वरवर पाहता वाद यंत्राचा आहे. आत मात्र तोच जुना प्रश्न आहे, ज्यावर आनंदाने यादी केली होती: पुरेसं म्हणजे किती? फरक एवढाच की इथे उत्तर किलोंत आणि अश्वशक्तीत द्यावं लागतं आणि त्याची परीक्षा वारा घेतो.

बहामाजमधलं जॉर्ज टाउन ही ती परीक्षा बघायची उत्तम जागा. हिवाळ्यात अमेरिका-कॅनडाकडच्या शेकडो शिडाच्या बोटी इथे येऊन नांगरतात. एका काठाला गाव, समोर साधारण मैलभर पाण्यापलीकडे स्टॉकिंग आयलंड ही लांबट, वाळूची पट्टी, मध्ये एलिझाबेथ हार्बर. वारा बहुधा पूर्वेचा, म्हणून पुष्कळ बोटी स्टॉकिंगच्या आडोशाला राहतात. दुकानं मात्र गावात. वाणसामान आणायचं तर डिंगी काढायची, मैलभर पाणी ओलांडायचं, रस्त्याखालच्या अरुंद बोगद्यातून लेक व्हिक्टोरिया नावाच्या छोट्या तळ्यात शिरायचं आणि बाजाराच्या पाठीमागच्या धक्क्याला दोर बांधायचा. जाताना वारा पाठीशी असतो, सगळं सोपं वाटतं. परतताना तो तोंडावर येतो. डिंगीत वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन, पिशव्या आणि दोन माणसं. लाटेला लाट लागून येते, होडीच्या नाळेवर फुटते आणि पुढे बसलेल्याच्या मांडीवर ओतली जाते. बटाटे भिजले तर चालतं. नुकतेच धुऊन वाळवलेले कपडे खाऱ्या पाण्यात भिजले की नवरा-बायकोत इंजिनाचा विषय निघतो.

या विषयात पाण्याचा स्वतःचा एक नियम आहे आणि तो कुणाच्या इच्छेला भीक घालत नाही. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४ ने गुणायचं. नॉटमधला वेग साधारण तेवढा. आठ फूट लांबी पाण्यात असलेल्या डिंगीला तो पावणेचारच्या घरात येतो. तेवढ्या वेगासाठी अडीच-साडेतीन अश्वशक्ती भरपूर झाली. त्याहून जोरात जायचं तर होडीला पाणी कापणं सोडून पाण्यावर चढावं लागतं आणि मग ती घसरत पळते. दोन मोठी माणसं घेऊन तीन मीटरची डिंगी अशी वर चढायची तर आठ-दहा अश्वशक्ती हवी. म्हणजे मधली जागा जवळजवळ रिकामी आहे. पाच-सहा अश्वशक्तीवर एकटादुकटा माणूस चढेलही. दोघं बसले की होडीचं नाक आभाळाकडे, ढुंगण पाण्यात, मागे भलीमोठी लाट, आणि इतका गाजावाजा करून वेग जेमतेम वाढलेला.

बाजाराला रिकामी जागा बघवत नाही. जपानच्या तोहात्सू कंपनीची चार, पाच आणि सहा अश्वशक्तीची चार-स्ट्रोक इंजिनं एकाच १२३ घनसेंटिमीटरच्या ठोकळ्यावर बेतलेली आहेत. तिन्हींचं वजन सारखंच, सव्वीस किलोच्या आसपास. अडीच आणि साडेतीनचं तसंच, दोन्ही अठरा किलोंची. आठ आणि ९.८ यांचं तसंच, सदतीस किलोंची. त्यामुळे दुकानात ‘एवढं घेतोच आहोत तर’ हे शब्द हमखास निघतात. ओझं तेच, मग जास्त शक्ती का सोडायची? या तर्काला उत्तर नाही, फक्त तो एका पायरीवर थांबत नाही एवढंच.

मैलभर अंतराचा हिशेब असा: चार नॉटने पंधरा मिनिटं, पंधरा नॉटने चार मिनिटं. वाचली अकरा मिनिटं. त्यासाठी उचलायचं वजन अठरावरून सदतीस किलोंवर गेलं. हलत्या डिंगीत उभं राहून सदतीस किलोंचं धूड यॉटच्या कठड्यापर्यंत एकट्याने चढवणं शहाण्याचं काम नाही, म्हणून छोटी यारी आली. इंजिनाचं वजन आणि जोर पेलायला पक्क्या तळाची डिंगी आली. ती गुंडाळून ठेवता येत नाही, म्हणून यॉटच्या पाठीला तिला टांगायच्या कमानी आल्या. पेट्रोलचे कॅन आले. अकरा मिनिटं वाचवायला एवढं गणगोत घरात आलं.

ही मोटार जन्मालाच घाईतून आली, असं तिची दंतकथा सांगते. नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या ओले एव्हिनरूडने विस्कॉन्सिनमधल्या तळ्यात बेस नावाच्या मैत्रिणीसाठी वल्ही मारत आइस्क्रीम आणलं आणि पोहोचेपर्यंत ते वितळलं. त्यातून त्याला होडीच्या मागे अडकवायच्या इंजिनाची कल्पना सुचली म्हणे. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, १९०९ साली त्याची दीड अश्वशक्तीची इंजिनं विक्रीला आली हे खरं. बेसशी त्याचं लग्नही झालं आणि धंद्याचा कारभार तिनेच सांभाळला. एव्हिनरूड नावाची इंजिनं २०२० साली बंद झाली. घाई शिल्लक आहे.

‘किती’ या प्रश्नाला सर्वांत झळझळीत उत्तर अर्थातच ‘शून्य’. ते देणारे लोक समुद्राने पाहिलेत. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला दर्यावर्दी जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ घेऊन फिरला तो इंजिनाशिवाय. डेकवर अख्खी होडी मावेना, म्हणून त्याने एक जुनी होडी मधोमध कापली आणि कापलेल्या बाजूला फळ्या ठोकून अर्धीच बरोबर नेली. तीत तो कपडे धुवायचा, अंघोळही करायचा. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याने बिनइंजिनाच्या बोटींतून कित्येक वर्षं जग पालथं घातलं. आणि बर्नार्ड म्वातेसिए. १९६८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या स्पर्धेआधी या फ्रेंच माणसाने प्लिमथ बंदरात आपल्या ‘जोशुआ’वरून इंजिन उतरवलं, नांगर ओढायचं यंत्र उतरवलं, जास्तीचे नांगर, साखळी, रंगाचे डबे उतरवले आणि डिंगीसुद्धा उतरवली. किनाऱ्याला लागायचंच नव्हतं, मग डिंगी कशाला? पुढे जिंकायची चांगली संधी असताना त्याने स्पर्धाच सोडली. केपटाउनजवळ एका जहाजावर गलोलीने तसा निरोप भिरकावला आणि अर्धं जग आणखी फिरून तो ताहितीला जाऊन थांबला.

हे मुनींचं उत्तर झालं. जैन विचारात त्याला महाव्रत म्हणतात: परिग्रह मुळातूनच नाही. गृहस्थासाठी त्याच व्रताचं छोटं रूप आहे, अणुव्रत, आणि त्याचं नाव परिग्रह-परिमाण. परिमाण म्हणजे माप. सगळं टाकायचं नाही. कुठे थांबायचं ते आधी बोलून ठेवायचं. शिवाय उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त परिग्रहाची व्याख्या वस्तू मोजून केलेली नाही. वस्तूपायी माणसाला येणारी मूर्च्छा, म्हणजे ‘माझं माझं’ करत भान हरपणं, हा तिथे परिग्रह आहे. या व्याख्येने लहान इंजिनवाल्याची सहज सुटका होत नाही. अडीच अश्वशक्तीचा टेंभा मिरवणारे, शेजाऱ्याच्या पंधराकडे बघून नाक मुरडणारे नांगरतळावर पुष्कळ आहेत. मूर्च्छा त्यांनाही आहे, फक्त ती कमी वजनाच्या वस्तूला चिकटली आहे.

त्याच स्पर्धेचा शेवट या दृष्टीने बघण्यासारखा आहे. मुनी निघून गेला, गृहस्थ घरी पोहोचला. ३१२ दिवसांनी परतलेली एकमेव बोट होती मुंबईत सागवानात बांधलेली ‘सुहेली’, तिच्यावर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. ‘सुहेली’त इंजिन बसवलेलं होतं. आणि ५,००० पौंडांचं बक्षीस नॉक्स-जॉन्स्टनने स्पर्धेत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकलं. इंजिन असलेला कोण आणि अपरिग्रही कोण, हे बाहेरून ओळखणं इतकं सोपं नाही.

श्रावकाच्या व्रतांत आणखी एक आहे, ते तर डिंगीसाठीच सांगितल्यासारखं वाटतं: दिग्व्रत. प्रत्येक दिशेला आपण कुठवर जाऊ याची सीमा आखायची आणि ती ओलांडायची नाही. हेतू अहिंसेचा: माणूस जिथे जात नाही तिथल्या जिवांना त्याच्यापासून अभय. ‘तत्त्वार्थसूत्र’ या व्रताचे पाच अतिचार, म्हणजे दोष, सांगतं. वर सीमा ओलांडणं, खाली ओलांडणं, तिरकं ओलांडणं, क्षेत्र वाढवत नेणं आणि आखलेल्या सीमेचा विसर पडणं. पहिले तीन ढोबळ आहेत. चौथा आणि पाचवा रचणाऱ्याने माणूस फार जवळून पाहिला असणार.

क्षेत्र वाढवत नेणं, हे मोठ्या इंजिनाचं रोजचं काम आहे. चार नॉटची डिंगी असते तेव्हा बाजार, धक्का आणि शेजारची बोट एवढंच जग असतं. पंधरा नॉट हाती आले की तीन मैलांवरचं प्रवाळ दिसू लागतं, मग पाच मैलांवरची गुहा. तिकडे जाऊ नये असं नाही. प्रवाळ बघायलाच तर लोक एवढे लांब येतात. पण ‘कुठवर जायचंय’ हे ठरवून इंजिन घेतलं की इंजिन घेतल्यामुळे जायचं ठरलं, हे घेणाऱ्याला स्वतःशी सांगता यायला हवं. बहुतेकांना ते सांगता येत नाही.

पण याच हिशेबाने ‘कमी तेच बरं’ असंही म्हणता येत नाही. कॅरिबियनमध्ये मार्टिनिक, डॉमिनिका, सेंट लुसिया या बेटांवरचे नांगरतळ बहुतांशी पश्चिमेला, वाऱ्याच्या आडोशाला आहेत. वारा डोंगरावरून उतरतो आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. संध्याकाळी धक्क्याहून निघालेल्या डिंगीचं इंजिन बंद पडलं तर ती आपल्या यॉटजवळून जाते आणि जातच राहते. पुढची जमीन म्हणजे मध्य अमेरिका, हजाराहून जास्त सागरी मैलांवर. रबरी होडीची वल्ही आखूड, तळ उथळ आणि हवेने फुगलेले बाजूचे नळे वाऱ्याला शिडासारखे. वाऱ्याविरुद्ध ती वल्हवणं जवळपास अशक्य. आलें बोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९५२ साली रबरी होडीतून, मोटर न लावता, अख्खा अटलांटिक पार केला खरा. कनारी बेटांवरून निघून ६५ दिवसांनी तो बार्बाडोसला लागला. होडीचं नाव त्याने ‘लेरेतिक’ म्हणजे पाखंडी ठेवलं होतं. पण त्याला व्यापारी वाऱ्यांच्या दिशेनेच जायचं होतं. मुलांना शाळेच्या सुट्टीत यॉटवरून धक्क्यावर नेणाऱ्या आईला वाऱ्याच्या विरुद्ध जायचं असतं. तिने तीन अश्वशक्तीवर भागतं तिथे सहा घेतली, तर तिला हाव सुटली असं म्हणणारा माणूस रात्री वाऱ्यात डिंगी घेऊन गेलेला नसतो.

पाचवा अतिचार, विसर, हा पेट्रोलच्या बाजूचा. छोट्या इंजिनाची अंगची टाकी लिटरभराची असते. झाकण उघडून आत बघितल्याशिवाय किती उरलं ते कळत नाही, आणि कोण बघतो? इथे विजेची मोटर निराळी वागते. जर्मनीतल्या स्टार्नबर्ग तळ्याकाठी २००५ साली सुरू झालेल्या टॉर्कीडो कंपनीच्या मोटरीच्या दांड्यावर छोटा पडदा आहे. बॅटरी किती उरली आणि याच वेगाने किती अंतर जाता येईल, हे तो सतत दाखवतो. सीमा डोळ्यांसमोरून हलतच नाही. ती सीमा तोकडी असते, हेही खरं. ईप्रोपल्शनच्या ‘स्पिरिट’ मोटरीची बॅटरी १,२७६ वॅट-तासांची आहे. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ हजार वॅट-तास उष्णता असते. पेट्रोल इंजिन त्यातली बरीचशी वाया घालवतं, तरी पारडं पेट्रोलचंच जड. एक किलोवॅटची ती मोटर पूर्ण जोरात सव्वा तास चालते. मात्र वेग निम्मा केला की लागणारी शक्ती साधारण आठव्या हिश्श्यावर येते, म्हणून तीच बॅटरी चौपट लांब नेते. घाई सोडणाऱ्याला पाण्याचा नियम इतकं घसघशीत बक्षीस देतो. पुन्हा भरायला यॉटवरची सौर तबकं असतातच.

श्रावकाचं आणखी एक व्रत अनर्थदंडाचं: कारणावाचून हिंसा करायची नाही. कारण असलेल्या हिंसेला गृहस्थापुरती थोडी सवलत आहे. उगाच केलेलीला नाही. जुनी कार्बोरेटरवाली दोन-स्ट्रोक इंजिनं आत गेलेल्या इंधनाचा पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, न जाळताच पाण्यात सोडतात. अमेरिकेतल्या टाहो तळ्यावर १९९९ सालीच त्यांना बंदी झाली. अमेरिका-युरोपात ती आता नवी मिळत नाहीत, पण कॅरिबियनमधल्या बऱ्याच बेटांवर मिळतात, आणि दर्यावर्दी ती शोधत जातात. कारण क्षुल्लक नाही. ९.८ अश्वशक्तीचं दोन-स्ट्रोक इंजिन सव्वीस किलोंचं, चार-स्ट्रोक सदतीसचं. अकरा किलोंचा फरक ज्याच्या कंबरेला कळतो त्याला तेलाचा तवंग समजावून सांगणं अवघड आहे. तरीही प्रश्न सुटण्यापलीकडचा नाही. दोन-स्ट्रोक आणि चार-स्ट्रोक यांतच निवड करायची, हे बंधन ‘दहा अश्वशक्ती हवीच’ असं गृहीत धरल्यावर येतं. होंडाचं २.३ अश्वशक्तीचं, हवेने थंड होणारं चार-स्ट्रोक इंजिन साडेतेरा किलोंचं आहे. त्याचा आवाज कर्कश आहे, त्याला रिव्हर्स गिअर नाही, मागे जायचं तर अख्खं इंजिनच उलटं फिरवावं लागतं. पण ते एका हाताने उचलता येतं.

मग चोरीची भीती. कॅरिबियनमध्ये रात्री डिंगी पाण्यात सोडून झोपू नये, असा जुना दंडक आहे. यॉटच्या दोरखंडाने ती इंजिनासकट वर ओढून टांगतात, वर साखळी-कुलूप. कित्येक जण नव्याकोऱ्या इंजिनाच्या झाकणावर मुद्दाम गबाळा रंग फासतात, कंपनीचं नाव खरवडून टाकतात, म्हणजे चोराला ते जुनाट वाटावं. हौसेने घेतलेली वस्तू टिकवण्यासाठी तिला हौसेने कुरूप करायचं! मूर्च्छा या शब्दाचा अर्थ विचारणाऱ्याला दाखवण्याजोगं याहून चांगलं उदाहरण नाही.

आनंदाच्या यादीवर एक आक्षेप मात्र घ्यायलाच हवा. त्याने लिहिलेलं जवळपास सगळं त्याच्याकडे आधीपासूनच होतं. बारा कोटी मुद्रा, चाळीस हजार गुरं. त्याने काय सोडलं? हिशेबाने बघितलं तर पुढची वाढ, बाकी काहीच नाही. असलं व्रत श्रीमंतांची सोय वाटू शकतं, आणि काही अंशी ते आहेही. पण आगमात या व्रताला इच्छेचं परिमाण म्हटलंय, संपत्तीचं नाही, आणि व्यापाऱ्याच्या बाबतीत ‘पुढची वाढ नको’ हेच सर्वांत महाग असतं. तोहात्सूच्या यादीतही तेच आहे. साडेतीनवाल्याला साडेतीन सोडायला कुणी सांगत नाही, त्याला चार दाखवतात. पंधराची इंजिनं फेकून देऊन जगाचं काही भलं होणार नाही. निर्णयाची खरी जागा आहे ती पुढच्या खरेदीची, आणि तिथे कमी घेणं याला कुणी त्याग म्हणणार नाही, कारण हातातलं काहीच गेलेलं नसतं.

शिवाय शरीर स्वतःच यादी छोटी करत नेतं. पन्नाशीत यारीने चढवलेलं इंजिन सत्तरीत यारीनेही जड होतं. बरीच वयस्क जोडपी मग विजेच्या मोटरीकडे वळतात, कारण तिची बॅटरी आणि दांडा वेगळे होतात आणि एकेक भाग दहा किलोंच्या आसपास भरतो. जैन व्रतांतही मोठ्या सीमेच्या आत छोटी सीमा आखायची सोय आहे. तिला देशावकाशिक म्हणतात: जन्मभरासाठी आखलेल्या दिशांच्या आत, फक्त आजच्या दिवसासाठी किंवा काही घटकांसाठी, आणखी आखूड वर्तुळ. जॉर्ज टाउनला रोज सकाळी आठला दर्यावर्दी मंडळी व्हीएचएफ रेडिओच्या ७२ नंबरच्या चॅनलवर जमतात. हवामान सांगितलं जातं, कुणाला सुटा भाग हवा असतो, कुणी वल्हं हरवल्याचं कळवतो. पूर्वेचा वारा वीस नॉटच्या वर जाणार असं ऐकू आलं की अडीचवाले आणि पंधरावाले दोघंही चहा ओततात आणि धुण्याची बोचकी उद्यावर टाकतात.